विमान कोणाकडे?

तो मला पहिल्यांदा भेटला, तेव्हा माझ्या झापडावर बसला होता.

फ्लाइंग क्लबच्या बाकावर मी ते ठेवलं होतं. घोड्याच्या डोळ्यांना लावतात त्याच जातीचं, फक्त प्लास्टिकचं आणि टोपीसारखं. डोक्यावर चढवलं की बाहेरचं आभाळ गुडूप. दिसतात फक्त समोरचे काटे आणि तबकड्या. ढगात शिरल्यावर बाहेर न बघता विमान चालवायचा परवाना मला हवा होता, त्यासाठी हे सोंग.

कडकन आवाज झाला. तो उठला, दोन तुकडे हातात घेतले.

"तुमचं?"

"होतं."

"दिसलं नाही हो मला."

"चष्म्याचं दुकान आहे माझं. या एकदा, नंबर काढून देते."

तो हसला. ओशाळूनही कुणी इतकं छान हसावं, हे काही बरोबर नाही. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर वर-खाली करतो आणि सुटीच्या दिवशी तेच जरा उंचावर करतो."

पुढच्या खेपेला त्यानं नवं झापड आणलं आणि भरपाईवर व्याज म्हणून स्वतःलाही देऊ केलं. झापड लावून उडायचं तर शेजारी दुसरा वैमानिक लागतोच. आपण काटे बघायचे, त्यानं आभाळ बघायचं.

आता गंमत ऐका. खांद्याला खांदा लावून आम्ही कितीतरी दुपारी उडालो, पण वर असताना त्याचा चेहरा मला दिसलाच नाही. झापडाखालून दिसायचा त्याचा डावा गुडघा, नखांत ग्रीस असलेला हात आणि — दिसायचा नाही, पण असायचा — तो आवाज. "थोडं डावीकडे... हं... छान." एखादी मुलगी माणसाच्या गुडघ्यावर भाळते का हो? मी देवालाही विचारलं.

त्यात विमान सरळ जात असताना मला वाटायचं, आपण कलंडतोय. क्लबात उडायला शिकवणारे आमचे मास्तर सांगायचे, "पोरी, कानातलं पाणी थापा मारतं. अंगाचं ऐकू नकोस, काट्यांचं ऐक." ऐकायची मी. पण तो गुडघा जरा जवळ सरकला की पोटात जे कलंडायचं, ते खरं की थाप? त्याची तबकडी कुठं बसवलेली असते?

मास्तरांचा आणखी एक नियम होता. सुकाणू दुसऱ्याला देताना तीनदा बोलायचं. "विमान तुमच्याकडे." "विमान माझ्याकडे." "विमान तुमच्याकडे." देणाऱ्यानं, घेणाऱ्यानं, पुन्हा देणाऱ्यानं.

एका दुपारी झापडाच्या पट्ट्यात माझे केस अडकले.

"विमान तुमच्याकडे," म्हणत मी हात सोडले. तो तोवर दोन्ही हातांनी माझे केस सोडवत होता. सावकाश. अगदी... सावकाश. उत्तर आलं नाही, आणि मला ते आठवलंही नाही. मग काट्याकडे लक्ष गेलं. उंची उतरत होती, एक पंख खाली चालला होता.

"विमान कोणाकडे आहे?" मी विचारलं.

"तुमच्याकडे... ना?"

मी दांडा धरला, पंख सरळ केले. खाली उतरल्यावर मास्तरांना सगळं सांगावंच लागलं.

मास्तरांनी दोघांना उभं केलं. "उत्तर आल्याशिवाय सोडायचं नाही. आणि दिलेलं घ्यायचं असेल, तर तोंड उघडायचं. दोघांनी शहाण्यासारखं गप्प बसायचं आणि विमान जातंय पाताळात."

मी परीक्षा पास झाले. तो भेटला, हात पुढे केला, मग मागे घेतला, मग खिशात घातला.

"आता काय, ढगात एकट्या जाल."

"हो. जाईन की."

असं कोण बोलतं? मी बोलले. त्यालाही काहीतरी म्हणायचं होतं... की मला तसं वाटलं?

हा परवाना भिंतीवर टांगून चालत नाही. सहा महिन्यांत ठरलेला सराव झाला नाही, तर ढगात जायची मुभा जाते. आणि सरावाला पुन्हा झापड, पुन्हा शेजारी कुणीतरी. महिने सरत गेले. मास्तर म्हणाले, मी बसतो. मी म्हटलं, दुकानात गर्दी आहे.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "लिफ्टवाल्यांचा फोन नाही आला?"

"त्यांनी का करावा?"

"मग तू कर."

"मी का करू?"

"बरं. मग मी करते."

"आई..."

"नको? मग बस चष्मे पुसत."

मुदत संपायच्या आठवड्यात तो दुकानात आला. "नंबर काढून देणार होतात."

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि तपासणीची जड गोल चौकट नाकावर चढवली. भिंगाच्या जागी आधी काळ्या चकत्या घातल्या. आता त्याला काही दिसत नव्हतं, आणि मला पहिल्यांदाच इतक्या जवळून सगळं दिसत होतं. हनुवटीवरचा तीळ. भुवईतला ग्रीसचा डाग.

"डोळे ठीक आहेत तुमचे," मी म्हटलं. अजून काहीच तपासलं नव्हतं.

"माहीत आहे." तो थांबला. "तुम्ही बोलवाल म्हणून वाट बघत होतो. सरावाला तरी."

"मी... तुम्ही विचाराल म्हणून."



"म्हणजे इतके महिने," तो हळूच म्हणाला, "विमान कोणाकडे होतं?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. नेमकं कुठलं आधी, ते कळलं नाही. त्यानं चाचपडत माझा हात शोधला. चुकून आधी भिंगांची पेटी धरली, मग हात.

"तुझ्याकडे," तो म्हणाला. तुमच्याकडे नाही.

"माझ्याकडे," मी म्हटलं.

तो चौकट काढायला गेला. मी ती तशीच धरून ठेवली.

"थांब. तिसऱ्यांदा म्हणायचं राहिलंय."