निवेदिकेचा एक अधिकार

"शिडीचं तिकीट काढा लागन," कंडक्टर म्हणाला.

"शिडी काय मानूस हाय का, भाऊ?"

"मानसाची जागा तं घेऊन राह्यली ना!"

अमरावतीच्या बसस्थानकात, अकोल्याच्या गाडीच्या दारातच हा वाद रंगला होता. मागे चढायला खोळंबलेल्या स्वरालीला आधी राग आला, मग हसू. शिडीवाला उंचापुरा, मानेनं जाड, आणि कान पहिलवानासारखे मोडलेले. पण कंडक्टरपुढे तो असा अजिजीनं उभा होता, जणू शाळेत उशिरा आलेला पोरगा.

"अहो, घ्या ना त्यांना," ती शेवटी म्हणाली. "मी शिडीशेजारी बसते. माझी तक्रार नाही."

आणि खरंच तिला शिडीशेजारी बसावं लागलं. मागच्या बाकावर तेवढीच एक जागा उरली होती. खिडकीशी तो, मध्ये मिटलेली ॲल्युमिनियमची शिडी, अलीकडे स्वराली. जानेवारीचं कोवळं ऊन पायऱ्यांमधून तिच्या ओढणीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडत होतं. तिनं पर्समधून कागद काढला आणि पुटपुटत पाठ करू लागली... "शिडी-द्वंद्व... पिंजरा-युद्ध... युगुल-मल्लसंग्राम..."

शेजारून खुदकन हसण्याचा आवाज आला.

"काय झालं?" तिनं पायऱ्यांच्या फटीतून पाहिलं. दोन डोळे तिकडून तिच्याकडेच बघत होते. हसरे, काळेभोर.

"काई नाई. युगुल-मल्लसंग्राम... लग्नाचा मुहूर्त हाय का वो?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

त्यानं शिडीवर थाप मारली. "शिडी-द्वंद्वातली शिडी हेच हाय, मॅडम. अमरावतीच्या वेल्डरकडून आडव्या पट्ट्या मारून आणली. द्वंद्व करणारा मी."

स्वरालीही तिकडेच निघाली होती. अकोल्यात तीन दिवस प्रो-रेसलिंगचे सामने होते. ठरलेला निवेदक कावीळ होऊन पडला म्हणून आयोजक खुशालरावांनी ऐन वेळी तिला बोलावलं होतं. आजवर तिनं पुस्तक प्रकाशनं केली होती, शाळांची बक्षीस वाटपं केली होती. कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचे वडील मोरोपंत, निवृत्त मराठी शिक्षक, कालच म्हणाले होते, "निवेदन हा काय व्यवसाय झाला? हेही एकदा करून बघ, आणि मग शाळेतल्या नोकरीचं मनावर घे."

"मग तुम्हीच सांगा नियम," तिनं कागद उलटा करून पेन काढलं. "नाव काय तुमचं?"

"शिवम. अकोटचा. रिंगमंदी मात्र काळा बिबट्या." तो जरा ओशाळला. "खलनायक हाय मी. लोकं शिव्या घालते."

"तुम्हाला?"

"त्याचेच तं पैसे भेटते. लिहा... साधी मॅच. समोरच्याचे खांदे गादीले टेकवाचे, रेफ्री तीन मोजते. दोर पकडला का सोडा लागते. रिंगच्या बाहेर गेला तं धा मोजाच्या आत परत ये लागते."

"जोडीची?"

"दोघं-दोघं. पण आत एकच. दुसरा कोपऱ्यात दोर धरून उभा. किती बी मार पडो, त्याच्या हाताले हात लागला तरच त्यानं आत याचं."

तेवढ्यात बडनेऱ्याच्या गतिरोधकावर गाडी उसळली. तोल सावरायला तिनं शिडीची पायरी धरली... आणि तिची बोटं नेमकी त्याच्या बोटांवर पडली.

शिवमनं हात हलवला नाही. "लागला," तो हळूच म्हणाला. "आता येऊ का मी आत?"

"नियम लिहून घेतेय मी," स्वरालीनं झटकन हात काढून घेतला. पण पुढची ओळ तिला दोनदा लिहावी लागली.

मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत पिंजऱ्याची मॅच सांगून झाली. चारी बाजूंनी जाळी, दारातून नाहीतर वरून जो आधी बाहेर पडेल तो जिंकला. मग दहाबारा जणांची धुमाळी झाली. वरच्या दोरावरून जाऊन दोन्ही पाय जमिनीला लागले की बाद. शेवटी राहिली शिडी.

"वर विजेत्याचा पट्टा टांगते. खांदे टेकवणं नाई, बाद होणं नाई. चढा, काढा, जिंका. ते सुरू झाली का कोणी थांबवत नाई."

"मग तुम्ही काढणार पट्टा?"

"मी पडणार. पट्टा देवमनचा. रिंगमंदी सातपुड्याचा वाघ. आपला दोस्त हाय."

"म्हणजे सगळं आधीच ठरलेलं!"

"निकाल ठरते, मॅडम," शिवम खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पडणं नाई ठरत. आमच्या बाबाले हेच पटत नाई. त्यायनं जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगली मारल्या. म्हणते, हे नाटक हाय. दोन वर्ष झाले, माझ्याशी धड बोलत नाई."

अकोल्याच्या स्थानकावर शिडी खांद्यावर घेताना त्यानं गंभीर तोंड केलं. "आता आयका. इथून पुढं मी तुमाले ओळखत नाई. तीन दिवस खलनायकानं कोणाशी गोड बोलाचं नाई, असा नियम हाय. रागानं पाहीन. वाईट मानू नका."

"बरं," स्वराली म्हणाली. "मीही तुमचं नाव घेताना नाक मुरडेन."

पहिल्या संध्याकाळी ती पडली. रिंगमध्ये नव्हे, माइकवर. "सन्माननीय प्रेक्षकहो, आता आपण युगुल-मल्लसंग्रामाचा रसास्वाद घेऊ," असं ती म्हणाली आणि मैदानातून आवाज आला, "ताई, मराठीत सांगा ना वो!" सगळं मैदान हसलं. खुशालराव कपाळाला हात लावून बसले. कार्यक्रम संपल्यावर म्हणाले, "उद्याचा दिवस पाहू. नाई जमलं तं आमी दुसरा मानूस आणू."

ती सामान आवरत असताना काळा बिबट्या शेजारून गेला. आठ-दहा पोरं बघत होती, म्हणून त्यानं तिच्याकडे असं काही डोळे वटारून पाहिलं, की पोरं मागे सरकली. आणि त्याच वटारलेल्या डोळ्यांनी, दात-ओठ खात, तो पुटपुटला, "सकाळी आठले या. रिंगपाशी. डबा आणतो."

सकाळी मैदान रिकामं होतं. रिंगच्या कडेला बसून दोघांनी त्यानं आणलेली भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. थंडीनं हात काकडत होते, आणि ठेच्यानं डोळ्यांत पाणी येत होतं.

"तुमी कागद ठेवून द्या," शिवम म्हणाला. "बसमंदी कंडक्टरशी जशा बोलल्या ना, तसं बोला."

"मला तुमच्यासारखं बोलता येत नाही."

"अमरावतीची पोट्टी अन् वऱ्हाडी येत नाई? काहून लाजता?"

ती लाजत होती हे खरंच होतं, पण बोलीमुळे नव्हे. मग त्यानं तिला पडून दाखवलं. कोपऱ्यातून उडी मारून पाठीवर... धाडकन! ती किंचाळलीच. तो मात्र पडल्या पडल्या डाव्या तळव्यानं दोनदा गादी थापटून हसला. "हे देवमनसाठी. दोनदा थापटलं का त्याले समजते, मी ठीक हाय."

त्या संध्याकाळी स्वरालीनं कागद पर्समध्येच ठेवला. "आयका हो अकोलेकर! आत एकच राहीन, दुसरा कोपऱ्यात तरफडत राहीन. हाताले हात लागला तरच एंट्री! अन् हा काळा बिबट्या, पाहून घ्या याले. याच्या तोंडावर हसू तुमी कधी पाह्यलं का?"

"नाईऽऽ!" मैदान ओरडलं.

"मी बी नाई!" ती म्हणाली. दोर धरून उभ्या असलेल्या बिबट्यानं घाईघाईनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हसण्यानं हलताना फक्त तिलाच दिसले.

तिसऱ्या दिवशी, ऊन उतरता उतरता, शिडीची मॅच लागली. मैदान गच्च भरलं होतं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. रेफ्रीला धक्का लागून तो रिंगबाहेर आडवा झाला. बिबट्या शिडीवर चढला, पट्ट्याला हात लावणार तोच देवमननं खालून शिडी कलंडवली. शिवम वरून आला तो थेट उजव्या खांद्यावर.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. देवमन पाठमोरा होऊन शिडी पुन्हा उभी करू लागला. आता त्यानं वर चढून खाली पडलेल्या बिबट्यावर उडी मारायची होती. ती झाली की पट्टा.

स्वराली शिवमच्या डाव्या तळव्याकडे बघत होती. एकदा थापटेल, दुसऱ्यांदा थापटेल... तळवा हललाच नाही. त्या हातानं उजवा दंड घट्ट आवळून धरला होता, आणि शिवमचा चेहरा पांढरा पडला होता.

देवमन तिसऱ्या पायरीवर होता. तिनं माइकशिवाय त्याला हाक मारली, ती गोंगाटात बुडाली. रेफ्री बेशुद्धीचं सोंग घेऊन पालथा होता. कोणी थांबवायचं नाही, हा नियम. आणि समजा, तिचीच चूक असली तर? तीन दिवसांच्या कष्टांचा चुराडा, तोही तिच्या हातानं.

देवमन वर पोचला.

स्वराली माइक घेऊन धावली. एक चप्पल कुठेतरी निसटली. तिनं रिंगशेजारच्या घंटेची हातोडी उचलली आणि दणादण, दणादण वाजवत सुटली. मैदान चपापलं. देवमन वरच थबकला.

"थांबा!" ती माइकमध्ये ओरडली. "अकोलेकर, एक नियम सांगाचा राह्यला! शिडीच्या मॅचमंदी निवेदिकेले एक अधिकार असते. फक्त एकदा. तिनं घंटा वाजवली का मॅच थांबली! पट्टा आज कोणाचाच नाई. या दोघाचा निकाल लागन... अकोटात!"

मग मैदानातली अकोटची मंडळी उभी राहून नाचायला लागली आणि बाकीच्यांनीही टाळ्यांचा कडकडाट केला. तेवढ्या गोंगाटात तिनं माइक बाजूला केला आणि देवमनला ओरडून सांगितलं, "त्याचा खांदा गेलाय! खरंच गेलाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली, तेव्हा शिवमच्या खाटेशी पांढऱ्या धोतरातले एक धिप्पाड म्हातारे बसले होते. शिवमचा हात झोळीत होता. खांदा जागेवर बसला होता. दीड महिना आराम.

"हे माझे बाबा," शिवम म्हणाला. "नत्थुजी पहिलवान."

स्वरालीनं वाकून नमस्कार केला. म्हाताऱ्यांनी तिला नीट निरखलं.

"तीनही दिवस मागं बसून पाह्यलं मी," ते म्हणाले. "तोंडाले दुपट्टा गुंडाळून. पोराले समजू नये म्हणून." मग त्यांनी विचारलं, "पोरी, तो नियम खरंच हाय का?"

"नाही, काका," ती म्हणाली. "तिथल्या तिथे बनवला."

नत्थुजी इतके मोठ्यानं हसले, की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. "आमच्या दंगलीत तुह्यासारखा एखादा पंच असता, तं माहा गुडघा शाबूत राह्यला असता." त्यांचा आवाज जरा खाली आला. "मी याले नाटक म्हनत होतो. पण पडला तो खराच पडला. अन् गर्दीत एकट्या तुले समजलं. मले, बापाले, नाई समजलं." ते उठले. "चहा आणतो. टाइम लागन मले. गुडघा दुखते."

ते गेले. खिडकीबाहेर कडुनिंबावर चिमण्यांचा गलका चालला होता. दोघंही त्या चिमण्यांकडेच बघत राहिले.

"खुशालराव फार चिडले का?" शिवमनं विचारलं.

"चिडले. मग अकोटाहून वीस फोन आले. आता म्हणतात, उन्हाळ्यातले पाच कार्यक्रम मीच करायचे."

"तुमची चप्पल देवमनकडं हाय."

"बरं."

"स्वराली मॅडम..."

"हं?"

"ते... म्हणजे मले असं वाटून राह्यलं, का..." हजार माणसांसमोर डरकाळ्या फोडणाऱ्या काळ्या बिबट्याच्या कपाळावर घाम आला. "तुमी शब्दायच्या मानूस. तुमच्यापुढं म्या काय..."

"सुचेल तसं सांगा ना," ती म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला.

त्यानं डोळे मिटून घेतले. "मले तू पाह्यजे. आज नाई, उद्या नाई, कायमची. झालं. याच्याहून चांगलं मले बोलता येत नाई."

स्वरालीनं मनातले शब्द चाचपले. शब्द होते, खूप होते, पण एकही तेवढा सरळ नव्हता. तिनं त्याचा चांगला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मले बी," ती म्हणाली.

शिवमनं डोळे उघडले. दारात चहाच्या तीन कपबश्या घेऊन नत्थुजी उभे होते. आत बघून त्यांनी शांतपणे पाठ फिरवली, कप व्हरांड्यातल्या बाकावर ठेवले, आणि शेजारी बसून, कसलीही घाई नसल्यासारखा आपला चहा बशीत ओतला.