सेइगोची नाडी

चहा ओतून घ्या. या रात्रपाळीत सांगावी अशी एकच गोष्ट माझ्याकडे आहे, आणि ती खरी आहे. ताकुया, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

आकिताकडचा सेइगो माझा शाळासोबती. त्याचा धाकटा भाऊ मित्सुओ जन्मतःच उलट्या जोडणीचं हृदय घेऊन आलेला. चाळिशीत ते थकलं, तेव्हा आपल्याच इस्पितळात त्याच्या छातीत पंप बसवला, हृदयाच्या जागी रक्त ढकलणारा. नवं हृदय मिळेपर्यंत चार-पाच वर्षं त्याच्यावर काढायची. अट तुम्हाला ठाऊक आहे, पंपाचं सगळं शिकलेला माणूस रात्रंदिवस घरात हवा. सेइगोनं सही केली.

"दादा, कंटाळशील," मित्सुओ म्हणाला.

"गप रे. आईनंतर तुला मीच ना?"

सतरा जानेवारीला दोघं तपासणीहून परतले. भरलेल्या बॅटऱ्यांची पिशवी गाडीतच राहिली. मित्सुओ भिंतीच्या विजेवर पंप लावून झोपला.

"बाजूच्याच खोलीत आहे," सेइगो म्हणाला. आणि अकरा वाजता गाडी काढून गेला. पलीकडच्या गावात एक बाई होती. दोन वर्षं बिचारा एक रात्र बाहेर गेला नव्हता, कबूल. पण मला सांगायचं होतं, मी येऊन झोपलो असतो. अजून चीड येते मला.

एक वाजून दहा मिनिटांनी बर्फानं वीज गेली. पंपाच्या पेटीत विजेचा साठा अर्ध्या तासाचा.

सेइगोचा फोन वाजला. मित्सुओ. यानं पाहिलं... आणि पालथा ठेवला. नऊ वेळा.

"अँब्युलन्स?" ताकुयानं विचारलं.

बोलावली होती मित्सुओनं. बर्फात अडकली.

तीनला सेइगो निघाला. रस्ता पांढरा. मागच्या सीटवर पंपाची धोक्याची शिट्टी सुरू झाली. पिशवीत नुसत्या बॅटऱ्या. त्या वाजत नाहीत... त्यानं मागे पाहिलं नाही. शिट्टी थांबली. मग कानाशी...

"दादा, बाजूच्याच खोलीत ना?"

घरी मित्सुओ दारापाशी पडलेला. हातात फोन. थंड.

मित्सुओच्या मृत्यूनंतरचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी उरकून सेइगो माझ्याकडे आला. बसला, भात खाल्ला. मग मनगट पुढे केलं.

"बघ रे जरा."

मिनिटभर धरलं. काही नाही. दुसरं धरलं...

पंप रक्त ठोक्याविना सलग ढकलतो, म्हणून पंपवाल्यांची नाडी लागत नाही, हे तुम्ही रोज बघता. मी त्याच्या छातीला कान लावला. ठोका नव्हता. आत पंपाची एकसारखी घरघर चालू होती.

मी त्याचा शर्ट वर केला. छातीवर टाक्यांचा एकही व्रण नव्हता.