तिच्या जन्माच्या रात्रीचं आकाश

भर दुपारी उन्हातून तारांगणात शिरलं की माणूस आंधळाच होतो. ती चाचपडत चाचपडत हाताला लागली त्या खुर्चीवर बसली, आणि कानाशी कुणीतरी कुजबुजलं, "बाई... माझ्या डब्यावर बसलात."

"अगं बाई! काय होतं त्यात?"

"होतं ते होतं. आता भुगा झाला असेल."

अशी ही ओळख! ती तारांगणाच्या संग्रहालयाचे फलक लिहायला आलेली, आणि तो मधल्या अवाढव्य यंत्रावर आकाश फिरवणारा. तिने आठवड्याभरात त्याला 'ग्रहमंत्री' करून टाकलं. तोही काही कमी नव्हता... तारांगणाचा इतिहास हप्त्याहप्त्याने सांगायचा, म्हणजे तिला रोज यावं लागेल. यंत्र बोटीने आलं तेव्हा म्हणे घुमटच बांधून झाला नव्हता. दोन वर्षं ते एका शाळेच्या व्यायामशाळेत चादरी पांघरून पडलं होतं, आणि मुलं भूत समजून घाबरायची.

"हे लिहू फलकावर?"

"लिहा ना. खाली हेही लिहा — सांगणारा देखणा होता."

"खोटं लिहायची परवानगी नाही मला!"

फलक संपत आले, 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि तिचा जीव खालीवर व्हायला लागला. आज त्याने विचारलं तर हो म्हणायचं, असं ठरवूनच ती शेवटच्या दिवशी आली. खेळ संपला, प्रेक्षक गेले. त्याने दिवे मालवले.

"बस. तू जन्मलीस त्या रात्रीचं आकाश दाखवतो." तारीख त्याने कधीच गोड बोलून काढून घेतली होती.

यंत्र घरघरलं. घुमटभर तारे... आणि मावळतीला चंद्राची कोर, नखाएवढी. आणि तिला तर आईने हजारदा ऐकवलेलं — ऐन पौर्णिमेला जन्मलीस, म्हणून तुला झोप नाही!

"हे... कुणाचं आकाश आहे?"

त्याने वाकून तारीख पाहिली. "चुकलं गं... हात आपोआप गेला."

"कोण ती?"

"इथेच माइकवर बोलायची. लग्न करून गेली... थांब ना, आत्ता तुझी लावतो."

फार लागलं तिला. ती कोर दिसली तेव्हा यंत्राच्या बटणांच्या मिणमिणत्या उजेडात त्याचा चेहरा कसा खुलला होता, ते तिने पाहिलं होतं; आणि वेडी ते आपल्यासाठीच आहे असं समजूनही बसली होती.

"आवडतोस रे तू मला," ती उठत म्हणाली. "हेच सांगायला आले होते. सांगितलं. संपलं."

"अगं, ऐक तरी..."

तिने दार उघडलं. ऊन आत घुसलं, तारे फिकटले. ती तिथेच उभी राहिली, कडीवर हात ठेवून. एकदा थांब म्हण, मेल्या... एकदाच.

"अगं..." तो म्हणाला. आकाश अजून तेच होतं, आणि त्याची मान वर. "दार लोट ना. उजेडात काही दिसत नाहीये."

तिने लोटलं, बाहेरून.