सगळ्यांत मागचा

"बाबा, हलू नका हं," तोंडात सेफ्टी पिना धरून ती पुटपुटली आणि समोरच्या पाठीवर तिने शर्यतीच्या नंबराचा कागद चारही कोपऱ्यांनी नीट टोचला. वर हात फिरवून सुरकुत्याही काढल्या. पाठ जरासुद्धा हलली नाही. तेवढ्यात डावीकडून बाबांचा आवाज आला, "अगं, माझा नंबर कुठाय?"

पाठ वळली. वर एक अनोळखी चेहरा होता, कसंबसं हसू दाबणारा.

"तुम्ही हलू नका म्हणालात," तो म्हणाला, "म्हणून हललो नाही."

"अहो, पण मी 'बाबा' म्हणाले ना!"

"हो, तेवढं जरा लागलं मनाला."

तिने घाईघाईने पिना काढायला घेतल्या आणि एक त्याला टोचलीच. तो "आई गं" म्हणाला, ती "सॉरी सॉरी" म्हणाली, आणि शेजारी उभी असलेली आत्या दोघांकडे सिनेमा बघावा तसं बघत राहिली. तो गर्दीत दिसेनासा झाला तरी ती कागद हातात घेऊन तशीच उभी होती. बाबांनी मग स्वतःच तिच्या हातातून नंबर ओढून घेतला.

आता बाबांविषयी सांगायला हवं. बाबा बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तरी कुणी ओव्हरटेक केलेलं त्यांना खपत नसे, मग तो भाजी घेऊन निघालेला शेजारी का असेना. आणि अशा माणसाचं कुटुंब गेल्या वर्षीच्या शर्यतीत साफ शेवटचं आलं होतं. कुटुंब गटाचा नियमच तसा. एका घरची तीन माणसं, आणि तिघांतलं सगळ्यांत मागचं माणूस पोहोचेल तेव्हा ते घर पोहोचलं असं धरायचं. त्यांच्या लगेच पुढे कोण होतं, तर कोपऱ्यावरचा बेकरीवाला! मग काय, वर्षभर पाव घ्यायला गेलं की तो म्हणायचा, "लवकर निघा हो ड्रायव्हरसाहेब, तुम्ही घरी पोहोचेपर्यंत पाव शिळा व्हायचा."

मध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही. म्हणाले, "यंदा पहिला नंबर नको. पण त्या पाववाल्याच्या मागे नाही." तिने त्यांचा हात धरून शब्द दिला होता, की नाही येणार मागे. त्या शब्दापायी ती रोज पहाटे त्यांच्याबरोबर चालली होती आणि दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासताना जांभया देत होती.

शिट्टी झाली. सगळे धावले. बाबा चालले, आत्या बोलत चालली आणि ती दोघांच्या मध्ये. पहिल्या वळणावर बेकरीवाल्याने मागे वळून रुमाल हलवला. दुसऱ्या वळणानंतर रस्ता मोकळा झाला. हलकं धुकं होतं, दुकानांची दारं अजून बंद होती, आणि मागून पावलांचा आवाज येत होता. तिने वळून पाहिलं.

तोच. आता अंगात नारिंगी जाकीट, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'शेवटचा'. त्याच्या मागे एक गाडी रांगत येत होती, दार उघडं टाकून. ज्याला चालवत नाही त्याला उचलायची गाडी.

"तुम्ही आमच्या मागे का लागलाय?" बाबांनी दरडावून विचारलं.

"कामच आहे काका. सगळ्यांत मागे जो असेल त्याच्या मागे चालायचं. त्याच्या पुढे जायचं नाही आणि त्याला सोडायचंही नाही."

"म्हणजे आम्ही शेवटचे."

"सध्या."

तो 'सध्या' बाबांना आवडला. तिलाही आवडला, पण का आवडला ते तिला कळेना.

"एरवी काय करता?" तिने विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त करतो. कुणी आत अडकलं की दार उघडेपर्यंत फटीतून गप्पा मारतो. घाबरू नका, मी आहे, असं सांगतो."

"आणि दार उघडल्यावर?"

"दार उघडल्यावर कोण थांबतंय? थँक्यू म्हणतात आणि जिन्याने पळतात."

ती हसली. त्याने पुढे वाकून बाबांच्या वाटेतला दगड हाताने बाजूला केला. पाण्याच्या टेबलावरून तो सगळ्यांसाठी पेले घेऊन आला, पण तिचाच पेला काठोकाठ भरलेला होता. की तिला तसं वाटलं? आत्याच्या पेल्यात तिने हळूच डोकावून पाहिलं. आत्याने पिऊन टाकलं होतं. झालं, पुरावा पोटात गेला!

मोठी पंचाईत होती. दुकानात ती दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायची, "हे स्पष्ट दिसतंय, की हे?" आणि इथे तिला स्वतःला धड काही दिसेना. हा माणूस चांगला होता, यात शंका नाही. पण चांगुलपणा हेच ज्याचं काम, त्याचा चांगुलपणा ओळखायचा कसा? तिच्या जागी एखादा टकलू गृहस्थ मागे राहिला असता तर त्यालाही हा असाच हसून पाणी देणार ना?

शेवटी तिने विचारलंच. "हे पाणी, दगड, गप्पा... सगळ्या शेवटच्यांना मिळतं का?"

"ते शेवटचं माणूस कोण आहे, त्यावर..."

"तो बघा!" बाबा ओरडले.

पुलाच्या अलीकडे, फुटपाथवर, बेकरीवाला पोटरी धरून बसला होता. त्याची दोन्ही मुलं कधीच पुढे पळाली होती. बाबांच्या नव्या गुडघ्यात जणू इंजिन सुरू झालं. "काय शेठ, पंक्चर का?" असं म्हणत ते त्याच्या बाजूने निघूनही गेले. आत्या टाळ्या वाजवत त्यांच्या मागे.

आणि तो थांबला.

"मला आता... यांच्याबरोबर राहावं लागेल," तो म्हणाला. बेकरीवाल्याकडे बघायचं सोडून तो तिच्याकडेच बघत होता.

"हो, हो. काम आहे तुमचं," ती म्हणाली आणि तोऱ्यात पुढे गेली. पुलाच्या मध्यावर तिने वळून पाहिलं. तो बेकरीवाल्याची पोटरी चोळत होता. दुसऱ्या हातात तसाच पेला, चेहऱ्यावर तसंच हसू. त्या क्षणी तिला त्या जाड्या, घामेजलेल्या, गरीब बिचाऱ्या बेकरीवाल्याचा असा काही हेवा वाटला, की तिची तिलाच लाज वाटली.

"आपण शेवटचे नाही!" बाबा लहान मुलासारखे सांगत होते. "बघितलंस? नाही ना शेवटचे?"

"नाही बाबा," ती म्हणाली, आणि तिला रडूच यायला लागलं. इतके महिने ज्याच्यासाठी पहाटे उठलो ते हातात आलंय आणि आपल्याला ते नकोय, हे कसलं खूळ? ऐन शर्यतीत डोकं फिरलं की काय आपलं? शेवटची रेषा लांबून दिसायला लागली होती. ती ओलांडली की तो जाकीट काढून त्याच्या लिफ्टकडे जाणार आणि ती तिच्या काचांकडे. मग जन्मभर 'हे, की हे' करत बसायचं.

"तुम्ही व्हा पुढे," ती एकदम म्हणाली. "माझी लेस..."

आत्याने तिच्या बुटाकडे पाहिलं. लेस घट्ट बांधलेली होती. आत्याने मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाबांचा दंड धरला. "चल रे. लेसचं काही खरं नसतं."

ती फुटपाथच्या कडेला बसली. बांधलेली लेस सोडली, बांधली, पुन्हा सोडली. बेकरीवाला सावकाश चालत आला, तिला बघून थबकला आणि तोंडभर हसून लगबगीने पुढे गेला. मग नारिंगी जाकीट आलं आणि तिच्यासमोर थांबलं.

"लेस सुटली?"

"नाही." तिने मान वर केली. "मुद्दाम थांबले. तुमच्यासाठी. आता खरं सांगा. ते सगळं कामाचा भाग होतं, की..."

तो तिच्या शेजारी बसला. मागची गाडीही थांबली.

"आधी कामच होतं," तो म्हणाला. "निदान मला तसं वाटत होतं. मग तुम्ही पुढे गेलात आणि मी त्या काकांना तीनदा म्हणालो, गाडीत बसा. त्यांच्या पोटरीतला गोळा उतरला होता हो... चांगले चालत होते. तरी मी आपला, बसा काका, त्रास होईल, बसाच. ते बसले की शेवटच्या पुन्हा तुम्हीच ना!" त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "हा कामाचा भाग नाही. कळलं तर पुढच्या वर्षी उभंसुद्धा करणार नाहीत मला."

ती इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. कुणी चंद्रतारे आणून देतं म्हणे. हिच्यासाठी कुणीतरी धडधाकट माणसाला गाडीत कोंबायला निघालं होतं! याहून स्पष्ट तिला काही नको होतं.

आणि लगेच तिला बाबा आठवले. "अगंबाई! मी बाबांना शब्द दिला होता!"

"मग पळ ना! मी आहे मागे."

'पळा' नाही, 'पळ'. ती उठली आणि सुटली. तो मागे, गाडी त्याच्या मागे. बेकरीवाल्याने वळून पाहिलं आणि त्यालाही कुठून बळ आलं कुणास ठाऊक, पोट सांभाळत तोही धावला. तिचा हात त्याच्या शर्टाला लागणार, तोच तो रेषेपलीकडे जाऊन आपल्या मुलांच्या अंगावर कोसळला.

बाबा रेषेपलीकडे उभे होते. त्यांचा चेहरा पार उतरला होता. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. 'लेस सुटली' म्हणणं किती सोपं होतं!

"बाबा, लेस सुटली नव्हती. मी थांबले. याच्यासाठी. तुम्हाला शब्द दिला होता, तरी थांबले."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, वरपासून खालपर्यंत, घ्यायची गाडी तपासावी तसं. तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला. पलीकडून बेकरीवाला ओरडला, "ड्रायव्हरसाहेब, यंदाही शेवटचेच!"

"पळता येतं का रे तुला?" बाबांनी विचारलं. "का नुसताच मागे मागे येतोस?"

"येतं काका. चांगलं येतं."

"मग पुढच्या वर्षी आमच्याकडून पळ. मला त्या पाववाल्याला हरवायचंय."

"अरे, पण कुटुंब गट आहे तो," आत्या म्हणाली. "घरचं माणूस लागतं त्यात."

"मला नियम शिकवू नकोस," बाबा म्हणाले. "वर्ष आहे की मध्ये."