खालचा खण

नव्या गावात येऊन तिला दीड महिना झाला होता आणि सातवा सरत आला होता. नवरा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागला म्हणून हे गाव. नाहीतर पहिलटकरणीला माणसांतून उठवून कोण असं अनोळखी ठिकाणी आणतं? बोलायला म्हणून खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई होत्या, पण त्यांना स्वतःच्या गुडघ्यांशिवाय दुसरा विषय नव्हता.

ती शिवणकाम करणारी. हात रिकामे राहिले की मनात नाही नाही ते येई, म्हणून तिने बाळाची झबली शिवायला घेतली. प्रत्येकाच्या गळ्याला आतून, मागच्या बाजूला, तीन आडवे टाके. अंधारातसुद्धा बोटाला मागचं-पुढचं कळावं, ही मावशीची शिकवण. मावशी गेल्यापासून असे टाके घालणारी ती एकटीच. शिवून झालेलं झबलं भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या खणात जाई. तो खण अडायचा, गुडघा टेकून ओढावा लागायचा.

एका सकाळी तिने खण ओढला, तर पाच झबल्यांखाली सहावं होतं. पिवळं, पानांच्या नक्षीचं, धुऊन धुऊन विटलेलं. छातीवर दुधाचा डाग. तिने गळ्यात बोट घातलं. तीन टाके.

तिने मागे वळून पाहिलं. तेच पिवळं कापड टेबलावर घडी घालून पडलं होतं. त्याला अजून कात्री लागायची होती.

ती जिना उतरून खाली गेली.

"बाई, आमच्या आधी वर कोण राहायचं?"

"कोण राहणार? तुम्ही यायच्या आधी महिनाभर तर मजला बांधून झाला. का गं, कुठे गळतंय का?"

संध्याकाळी तिने झबलं दाखवलं, तर नवरा हसला. "तूच शिवून विसरली असशील. आई म्हणते, या दिवसांत बायका स्वतःचं डोकं कुठे ठेवलं तेही विसरतात."

तिला राग आला. पण खरं सांगायचं तर त्या डागाने भीतीच्या पोटात एक वेडा आनंदही झाला होता. दुधाचा डाग म्हणजे बाळ येणार, धडधाकट येणार.

आठवड्याने खणात फ्रॉक निघाला. लाल, दुकानातला, दोन वर्षांच्या मुलीच्या मापाचा. तिने गळ्यात बोट फिरवलं. काही नव्हतं. पुन्हा फिरवलं. खालचा घेर कधीतरी उसवला असावा. तो कुणीतरी मेण लावलेल्या जाड हिरव्या दोऱ्याने, लांब लांब टाके घालून शिवला होता. शेवटी गाठ होती. ती गाठ तिच्या ओळखीची. पुस्तकाच्या पानांचे गठ्ठे एकमेकांना बांधताना नवरा मारतो ती.

घरात शिवणारी आई असताना लेकीचा फ्रॉक हा माणूस का शिवेल?

ती फरशीवरच बसली. पोटात बाळाने लाथ मारली. बाळ येणार होतं. ती राहणार नव्हती.

संध्याकाळी फ्रॉकबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. फक्त म्हणाली, "तुझा दोरा दाखव ना."

त्याने पिशवी पालथी केली. दोन रिळं, दोन्ही पांढरी.

"हिरवा नसतो?"

"आमचा मालक कवडीचुंबक! तो कुठला रंगीत दोरा आणतोय? बारा महिने पांढरा."

तिचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर ती हसली. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिने मशीन सोडलं नाही. एका वर्षाचं माप, दोनचं, तीनचं, पाचचं. प्रत्येक गळ्यात तीन टाके. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, सगळं छान आहे.

नववा लागला.

त्या दिवशी तो उजेडातच घरी आला. शेजारी बसून त्याने तिच्या पोटावर हात ठेवला. तिची नजर त्याच्या बाहीवर गेली.

बाहीचं बटण नव्याने लावलेलं होतं. हिरव्या दोऱ्याने.

"पांढरा संपला," तो म्हणाला. "मालकाने कुठूनतरी स्वस्तात पोतंभर हिरवा उचललाय."

तिने बटण उलटवून पाहिलं. खाली तीच गाठ.

"मला का नाही सांगितलंस? मी लावलं असतं."

"तुला कशाला त्रास?" तो मायेने म्हणाला. "आणि मलाही सवय झालेली बरी."