धूळबाई

वेधशाळेत आईला सगळे ‘धूळबाई’ म्हणत. आकाशातल्या एका काळ्या धुळीच्या ढगामागे तारकागुच्छ आहे, लाखो तारे एका गोळ्यात दाटलेत, हे तिने निवृत्त होईपर्यंत सांगून पाहिलं. समितीप्रमुख भर बैठकीत म्हणाले होते, “बाई, ही धूळफेक पुरे.” तेव्हापासून ते नाव चिकटलं, आणि मला त्याचा राग आजही येतो.

मीही तिथेच लागले. धुळीपलीकडचं टिपणारा इन्फ्रारेड कॅमेरा आला, तेव्हा पहिला वेध भांडून आईच्या ढगाचा घेतला. पडद्यावर ताऱ्यांचा गच्च गोळा उतरला. मधे दाट, कडेला सांडलेल्या मिठासारखा विरळ. मी आईला बोलावून घेतलं.

“कॅमेऱ्यावरचा डाग असेल,” प्रमुख म्हणाले.

“मग कॅमेरा फिरवून बघा की,” आई म्हणाली. “डाग असेल तर चित्रात जागचा हलणार नाही.”

दुसऱ्या चित्रात अख्खा गुच्छ फिरला होता. प्रमुख उठून उभे राहिले. “बाई, चुकलो.”

“बरं झालं चुकलात. नाहीतर आमची लेक इतकी भांडली असती का?”

टाळ्या थांबेनात. आईने सगळ्यांना धूळ चारली होती. मी सर्वांसमोर रडले.

शेजारच्या पडद्यावर साध्या कॅमेऱ्याचं जुनं चित्र होतं, नुसता काळा ढग. धूळ दिसली की आईचे हात शिवशिवतात. तिने उजवा तळहात ढगावरून वरून खाली फिरवला. “चला, आता सगळ्यांना दिसा!” आम्ही हसलो.

आज साध्या कॅमेऱ्याचं नवं चित्र आलं.

ढग मधोमध पुसला गेलाय. पाच फराटे, एक आखूड. त्यांतून तारे लखलखतायत. दुसऱ्या वेधशाळेनेही तेच टिपलंय. हा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा माणूस शेतीही शिकला नव्हता.

आईचा चेहरा उजळला. तिने उजवा तळहात फराट्यांवर ठेवला. तो बसेना.

“अंगठा उलट्या बाजूला आहे गं,” ती म्हणाली. “पलीकडून पुसलंय.”

मग ओळखीचं कुणी खिडकीत दिसावं तसं हसून तिने हात हलवायला उचलला. मी तो घट्ट धरला.