टेग्विनचा खर्ज

कप नंतर विसळा, आधी बसा. मघाशी तालमीत तुम्ही हसलात, ते मी पाहिलं. इडवलच्या खिशात नादकाटा असताना तो सूर तोंडाने का देतो, हेच ना? त्याला विचारू नका. मी सांगतो. चाळीस वर्षं आमच्या कुंपणाला कुंपण आहे. त्या माणसाला मेंढ्या विकतानासुद्धा थापा मारता येत नाहीत.

गेल्या वर्षीची गोष्ट. तेरा जानेवारी, जुन्या पंचांगाच्या नववर्षाची रात्र. बाकीच्या जगाने नाताळ आवरून ठेवलेला, पण आपल्या दरीत नाताळगीतांचं प्लगाइन तोवर चालूच असतं. सात वाजता चर्चचं दार लागलं की नाव पुकारायला कुणी नसतं. एकेक घर आपणहून उठतं, लोकांकडे पाठ करून डोक्याला डोकं लावून उभं राहतं आणि आपलं नाताळगीत गातं. एकदा झालेलं गीत त्या रात्री पुन्हा होत नाही. मग गाणारा आमंत्रण देऊन बोलावलेला पाहुणा असो, नाहीतर धर्मगुरू असो.

इडवलच्या घरचं गीत म्हणजे त्याच्या आजोबांनी तीन आवाजांत केलेली बांधणी. कागदावर एक अक्षर नाही. वरचा सूर बहीण नेस्टचा, मधला इडवलचा आणि खर्ज थोरल्या भावाचा, टेग्विनचा. तिसऱ्या कडव्यात टेग्विन भलत्याच जागी, शब्दाच्या मध्ये, श्वास घ्यायचा. आजोबा त्यावरून रागवायचे. पण आपली सगळी दरी त्या श्वासाची वाट बघायची.

त्याच्या आदल्या ऑक्टोबरात टेग्विन गेला. जाण्याआधी इडवलचा हात धरून म्हणाला, "माझ्या जागी यंदा कुणाला उभं करू नकोस. एक वर्ष जागा मोकळी ठेव. मग काय ते करा." इडवल हो म्हणाला.

म्हणाला खरं, पण त्याची झोप उडाली. त्याला मूलबाळ नाही, नेस्टलाही नाही, आणि नेस्टचा दम हल्ली पुरत नाही. एक वर्ष गीत पडून राहिलं आणि तेवढ्यात तिचं काही झालं, तर ते कुठल्या तोंडाने उभं करायचं? त्याने शाळेची बस चालवणाऱ्या बेडविरला धरलं आणि गुपचूप खर्ज शिकवला.

"तू शब्द दिला होतास," नेस्ट म्हणाली.

"अगं, शब्द पाळून गाणं मेलं तर त्या शब्दाचं काय लोणचं घालू?"

"मला नको विचारूस. दिलास तू."

त्या रात्री तिघं जीपने निघाले. वाटेत टेग्विनचं बंद घर. आजोबांचा नादकाटा तिथेच, चुलीशेजारच्या खिळ्याला. सूर त्यावरूनच घ्यायचा, ही घरची रीत. इडवल किल्ली घेऊन उतरला.

"लवकर ये रे, माझे पाय गारठलेत," नेस्ट म्हणाली.

"पाय कशाला हवेत? गळा सांभाळ."

घर ऑक्टोबरापासून उघडलं नव्हतं. आत ओल्या राखेचा वास. त्याने बॅटरी चुलीकडे धरली.

खिळा रिकामा.

फळी पाहिली. खण पाहिले. टेग्विनच्या कोटाचे खिसे पाहायला खुंटीकडे वळला... कोटही नव्हता.

मग वरच्या खोलीतून एक आवाज आला. खालचा, लांब, न तुटणारा. धुराड्यात वारा भरला असेल, असं इडवल स्वतःशी मोठ्याने म्हणाला. बाहेर आला, तेव्हा झाडाचं पान हलत नव्हतं.

त्याने दोघांना काही सांगितलं नाही. नादकाटा सापडला नाही, एवढंच. त्यात जीप सुरू होईना. बेडविरने ढकलली, नेस्टने ढकलली. चर्चच्या दारात पोचले तेव्हा आत पुरुषांची एक टोळी गात होती. तिघं मागच्या बाकावर टेकले.

टोळी बसली. इडवल उठला. तिघं पुढे गेले, पाठ केली, डोकी जवळ आणली. इडवलने तोंडानेच सूर दिला. नेस्टने पहिली ओळ उचलली.

मागे कुणीतरी खाकरलं.

मग पुन्हा.

नेस्ट थांबली. पहिल्या बाकावर गेर्व्हिल आजी होती. नव्वदीची, पण कान शाबूत.

"इडवल, बाळा, परत रे कशाला?"

"परत?"

"अरे, झालं की तुमचं. सगळ्यांत आधी. दार लागलं आणि तिघं उभे राहिलात."

"आजी, आम्ही आत्ता येतोय."

आजी हसली. आजूबाजूला कुणी हसलं नाही.

"नेस्ट तर हुबेहूब आईसारखी गायली. मला रडू आलं. आणि तू रे, बेडविर... खर्ज छान लावलास. पण तिसऱ्या कडव्यातला तो श्वाससुद्धा तिथेच? गेलेल्या माणसाची इतकी नक्कल करू नये."

बेडविरचा चेहरा पांढरा पडला. "तो श्वास मला कुणी शिकवलाच नाही," तो म्हणाला.

"त्यांची तोंडं पाहिलीत?" इडवलने विचारलं.

मागून एक जण म्हणाला, "पाठ होती तुमची. नेहमीसारखी. एकाच्या अंगावर टेग्विनचा कोट होता. आम्हाला वाटलं, तूच दिलास बेडविरला."

झालेलं गीत पुन्हा होत नाही. इडवल मला म्हणाला, "मला भीती नंतर वाटली रे. आधी लाज वाटली. मी त्याची जागा मोकळी ठेवली नाही, म्हणून त्याने ती स्वतः येऊन भरली. माझी आणि नेस्टचीही जागा कुणाकुणाला घेऊन भरली."

तो मघाच्या मागच्या बाकाकडे वळला. कठड्यावर, मेणबत्तीशेजारी, आजोबांचा नादकाटा होता.

त्याने उचलला. मुठीत गच्च धरला. आवळलेला नादकाटा वाजत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तो वाजत होता.

बाकं ओलांडली... वाजत होता. दार... बाहेरचा काळोख... गवतावर दव गोठलेलं... मूठ थरथरत होती, आणि थरथर हाताची नव्हती. नेस्टने त्याचा दंड धरला होता, तिलाही ती लागत होती.

टेग्विनच्या थडग्याच्या दगडापाशी आल्यावर थरथर थांबली.

आता वर्ष भरलंय. म्हणून तर ते गीत तुम्हाला शिकवतोय तो. नादकाटा खिशात ठेवतो, पण वाजवत नाही. आज तालमीत बेडविरने खर्ज लावला, तेव्हा इडवलने खिसा तळहाताने दाबून धरला होता. ते तुम्ही पाहिलं नाहीत. हसत होतात.